‘हौशी’ खेळाडूची संकल्पना : एक चिकित्सा

ऑलिम्पिक चळवळीत ‘हौशी’ ही संज्ञा दीर्घकाळ क्रीडानिष्ठेची खूण मानली गेली. मराठीत या शब्दातून केवळ आवड सूचित होते. त्यामुळे मूळ संकल्पनेतील वर्गभेद झाकला जातो. इंग्लंडमधील हेन्ली नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांनी कारागीर व मजूर यांना हौशी मानण्यास नकार दिला होता. म्हणजे पैसे घेऊन खेळणे एवढाच दोष नव्हता. पोटासाठी अंगमेहनत करणे हाही दोषच ठरला.

जिम थॉर्प याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सॅक अँड फॉक्स या अमेरिकन आदिवासी समाजातील या खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन यांत सुवर्णपदके मिळविली. पूर्वी अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. वस्तुतः आक्षेप ३० दिवसांत नोंदविणे बंधनकारक होते. ती मुदत केव्हाच उलटली होती. शुचितेच्या रक्षणासाठी नियमच मोडला गेला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पैशामुळे खेळाचे बाजारीकरण होते, हा हौशीवादाच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप निराधार नाही. तथापि त्याची किंमत निर्धन खेळाडूनेच मोजली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचे व्यावसायिक बास्केटबॉलपटू सन्मानाने उतरले. थॉर्पला मात्र १९८२ मध्ये सहविजेतेपद आणि २०२२ मध्ये एकमेव विजेतेपद परत मिळाले. त्याचे निधन १९५३ मध्येच झाले होते.

सारांश, पात्रतेचा निकष खेळाडूच्या कामगिरीशी व आचरणाशी निगडित असावा, त्याच्या उपजीविकेशी नव्हे.