मन्सूरचा टर्की पक्षी

उस्ताद मन्सूर यानें इ. स. १६१२ च्या सुमारास काढिलेलें टर्की पक्ष्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. हा पक्षी मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहाकरितां आणिला. बाबरानें प्राण्यांचीं वर्णनें लिहिलीं, परंतु चित्रें काढविलीं नाहींत. आपण दोन्ही केलें, असें बादशहा आपल्या ‘तुझुक’मध्यें अभिमानानें सांगतो. अर्थात् हें चित्र त्या मजकुराचा जोडकागदच होय. केवळ शोभेचें पान म्हणून तें वाखाणणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. पक्ष्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, हें ग्रंथांतच कळतें. कुंचल्यास एका क्षणाचाच रंग धरतां आला. उलट, पिसांची ठेवण आणि मानेवरील मांसल गांठी मन्सूरनें जशा टिपल्या, तशा लेखणीस साधल्या नाहींत.

मात्र पार्श्वभूमि जवळजवळ रिकामी आहे. परदेशीं पक्ष्याचें रान चित्रकारानें पाहिलें नव्हतें, हें खरें. तरी ही दृष्टि मालकाची आहे, असें आम्हांस वाटतें. याच ‘तुझुक’मध्यें, वयाच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत आपण स्वहस्तें १७,१६७ जनावरें मारलीं, असा हिशेबहि बादशहानें दिला आहे. जहांगीराच्या निसर्गप्रेमावर लिहिणारे तें पान बहुधा उलटून पुढें जातात.