दोन ओळींतला किरणोपचार

सातारा-सांगली भागात कॅन्सरच्या रोग्यावर 'किरणोपचार चालू आहेत' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'शेक चालू आहे' किंवा 'लाईट घेतोय' असे म्हणतात. शब्द सोपे आहेत, तोंडात बसलेले आहेत. पण त्यांतून उभे राहणारे चित्र चुकीचे आहे. ते दुरुस्त करण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे शाळा. म्हणून पाठ्यपुस्तक या बाबतीत काय करते, ते आम्ही पाहिले.

'बालभारती'च्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या सामान्य विज्ञान पुस्तकात हा विषय दोनदा येतो. 'आरोग्य व रोग' या पाठात कर्करोगावरील उपचारांमध्ये त्याचे नाव आहे. 'अणूचे अंतरंग' या पाठात समस्थानिकांच्या उपयोगांमध्ये कोबाल्ट-६० आहे. दोन्ही उल्लेख बरोबर आहेत, आणि आठवीतच हा विषय घेतला याचे श्रेय पुस्तकाला द्यायला हवे. आमची तक्रार वेगळी आहे. या दोन उल्लेखांची एकमेकांशी ओळखच नाही. एकात उपचार आहे, पण किरण येतात कुठून ते नाही. दुसऱ्यात किरणांचा उगम आहे, पण ते पेशीला काय करतात ते नाही. ही मधली पोकळी मग 'शेक' हा शब्द भरून काढतो.

शेक म्हणजे उष्णता. आता साधे गणित करू. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे १ किलोग्रॅम ऊतीत शोषली गेलेली १ ज्यूल ऊर्जा. एका दिवसाची नेहमीची मात्रा २ ग्रे असते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. म्हणजे या मात्रेने ऊतीचे तापमान वाढते ते अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने! उलट, ७० किलो वजनाच्या माणसाच्या सर्वांगावर एकदम ४ ग्रे मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर ती प्राणघातक ठरू शकते. ही ऊर्जा भरते २८० ज्यूल. चमचाभर गरम चहातून शरीराला याहून जास्त उष्णता मिळते. तेव्हा परिणाम उष्णतेचा नाही, हे दहावीचा विद्यार्थीही स्वतः पडताळू शकेल.

परिणाम होतो तो आयनीभवनाने. किरण पेशीतील पाण्याच्या आणि डीएनएच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि डीएनएचे धागे तुटतात. दोन्ही धागे जवळजवळ तुटले, तर दुरुस्ती अवघड होते. अशी पेशी लगेच मरतेच असे नाही. पुष्कळदा ती विभाजनाच्या वेळी मरते. त्यामुळे गाठ कमी झालेली दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. दहावीत सूत्री विभाजन शिकवतो, तिथे ही गोष्ट सहज सांगता येईल.

निरोगी पेशींनाही इजा होते. पण ती दुरुस्त करण्यात त्या सामान्यतः कर्करोगाच्या पेशींपेक्षा सरस असतात. म्हणून मात्रा एकदम न देता हप्त्यांनी देतात. आपल्याकडे तंबाखू-मशेरीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ७० ग्रे मात्रा ३५ हप्त्यांत, आठवड्याचे ५ दिवस, ७ आठवडे देणे ही रूढ पद्धत आहे. उसाला सगळा युरिया एकदम घालत नाहीत, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. कारणे वेगळी असली, तरी एकूण मात्रेइतकेच वेळापत्रकही महत्त्वाचे, एवढे या उदाहरणातून पोचते.

खरा धोका इथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड येतात, कारण तोंडाचे अस्तरही भराभर विभाजन पावणाऱ्या पेशींचे असते. 'शेक' म्हणणाऱ्या घराला वाटते, भाजले. आता थांबलेले बरे. फोड उपचारानंतर काही आठवड्यांत बहुधा भरून येतात. पण मधल्या खंडात उरलेल्या कर्करोगपेशी वाढून घेतात. डोके-मानेच्या कर्करोगात उपचार लांबला, तर दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ टक्क्याने घटते, असा अंदाज आहे.

दुसरा घोटाळा समस्थानिकांच्या यादीतून होतो. तिथे कोबाल्ट-६० आणि आयोडीन-१३१ शेजारी बसतात. कोबाल्ट यंत्रातच राहतो, त्याचे गॅमा किरण तेवढे शरीरातून जातात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसे रोग्यात काही उरत नाही. आयोडीन मात्र पोटात घेतात. त्याचा अर्धायुकाल ८ दिवस, म्हणून त्या रोग्याने काही दिवस इतरांपासून अंतर राखायचे असते. हा भेद न सांगितल्यामुळे बाहेरून किरण घेतलेल्या आजीचेही ताट-वाटी वेगळे होते, नातवंडे दूर ठेवली जातात. शिवाय आज अनेक ठिकाणी कोबाल्टऐवजी रेषीय वेगवर्धक वापरतात. त्यात किरणोत्सारी पदार्थच नसतो; विजेवर क्ष-किरण तयार होतात आणि बटण बंद केले की थांबतात.

केवळ समजुतीने सगळे साधेल, असे आम्ही म्हणत नाही. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा माण-खटावहून साताऱ्याला ३५ दिवस जायचे, तर मजुरी बुडते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि कर्करोग्यांसाठी एसटीची सवलत आहे. तीही वर्गात सांगावी. पण पैसे जमवून, एसटीचे हाल सोसून निम्मा उपचार घेतलेला माणूस निव्वळ एका शब्दामुळे घरी बसावा, हे आपल्या विज्ञानशिक्षणाला शोभणारे नाही.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत या दोन पाठांना जोडणारा एक परिच्छेद यावा, अशी आमची सूचना आहे. तोवर एक तास पुरे: फळ्यावर वरचे गणित, पेशीविभाजनाची आकृती आणि ३५ चौकोनांचे वेळापत्रक. त्यातला एकही चौकोन रिकामा का राहू नये, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे.