विल्हेल्म लाइब्लचीं ग्रामचित्रें व त्यांचें प्रामाण्य

जर्मन चित्रकार विल्हेल्म लाइब्ल (१८४४–१९००) याची गणना बव्हेरियांतील खेडुतांचा चित्रकार म्हणून होते. परंतु तो मूळचा तेथील नव्हे. त्याचा जन्म ऱ्हाइनकांठच्या कोलोन शहरीं झाला. म्युनिकच्या कलाशाळेंत शिकत असतां, १८६९ च्या तेथील प्रदर्शनांत फ्रेंच चित्रकार कुर्बे याचें लक्ष त्याच्याकडे वेधलें व तो पॅरिसला गेला. १८७० च्या युद्धामुळें त्यास परतावें लागलें. १८७३ पासून त्यानें शहर सोडून खेड्यांत वास्तव्य केलें. सारांश, ज्या प्रदेशाच्या नांवानें तो ओळखला जातो, तो त्यानें बुद्ध्या निवडला होता.

हें ध्यानांत ठेवून त्याचीं चित्रें पुरावा म्हणून तपासलीं पाहिजेत. हांबुर्गच्या कलासंग्रहालयांतील 'चर्चमधील तीन स्त्रिया' हें चित्र त्यानें बेर्ब्लिंग गांवच्या चर्चमध्यें बसून १८७८ ते १८८२ या काळांत रंगविलें. पोशाख, बांकावरील कोरीव काम, प्रार्थनेचें पुस्तक यांविषयीं तें उत्तम साक्षीदार आहे. एका विशिष्ट दिवशीं तिघी अशा बसल्या होत्या, असें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. अनेक वर्षांच्या बैठका त्यांत एकवटल्या आहेत. तपशील प्रत्यक्ष पाहिलेला, प्रसंग रचलेला. बखर वाचतांना आपण हाच विवेक करतों.

याहून कठीण प्रश्न 'चोरटे शिकारी' या मोठ्या चित्राचा. १८८८ मध्यें पॅरिसला मांडलेल्या या चित्राचें स्वागत झालें नाहीं. लाइब्लनें स्वतःच त्याचे तुकडे केले. एक तुकडा बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. तुकड्यांतील रंगकाम इतकें सरस आहे, कीं ते स्वतंत्र व्यक्तिचित्रांप्रमाणें वाखाणले जातात. येथें सावध राहिलें पाहिजे. वाळवीनें खाल्लेल्या पोथीचें गळित पान मनानें भरून काढणें संशोधकाचें कर्तव्यच होय. परंतु कर्त्यानेंच फाडलेल्या पोथीचें राहिलेलें पान हें त्यानें स्वतःच्या कृतीविरुद्ध दिलेला निकालहि असतो. त्या तुकड्यांचें कौतुक अवश्य करावें. पण त्यांच्या कापलेल्या कडा चौकटीखालीं झांकूं नयेत. लाइब्लच्या करड्या सत्यनिष्ठेची साक्ष त्या कडाच देतात.