पेटीच्या आत पेटी : सोपाऱ्याचा एक जुना अहवाल वाचताना

सोपाऱ्याच्या स्तूपावरचे रील्स बघायला घेतले की थांबवत नाही. ड्रोनमधून दिसणारा विटांचा उंचवटा, मागे गंभीर संगीत, आणि पडद्यावर ठळक अक्षरं : 'हे रहस्य तुम्हाला माहीत होतं का?' तीस सेकंदांत रहस्य संपतं, आपण 'भारीच' म्हणतो आणि अंगठा वर सरकतो. मी राजोडीचा, त्यामुळे असे रील्स मला दर आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतंच. आमच्याकडे सुरूची बनं आणि किनारा बघायला येणाऱ्यांनाही परतीच्या वाटेवर 'तिथे काय आहे?' असा प्रश्न पडतो. प्रश्न चांगलाच आहे. पण या रील्समध्ये तो विचारण्याआधीच उत्तराचं पाकीट हातात ठेवलेलं असतं.

याच स्तूपावर एक मजकूर 1882 साली लिहिला गेला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा सोपारा आणि पडण इथल्या प्राचीन अवशेषांवरचा अहवाल. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो इंग्रजीत छापला गेला. उत्खननाचा अहवाल म्हणजे मोजमापं आणि तक्ते, असं वाटून आपण तो साहित्यात धरत नाही. माझं म्हणणं असं की तो साहित्य म्हणूनच वाचावा, कारण कुतूहल नेमकं कसं चालतं हे दाखवणारा इतका चांगला मजकूर आपल्या परिसराबद्दल मी दुसरा वाचलेला नाही.

आधी माणूस पाहू. भगवानलालांचा जन्म 1839चा, जुनागढचा. गावाशेजारी गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख. ती ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने 1837मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्माआधी दोनच वर्षं, उलगडलेली. या मुलाला दगडावरच्या त्या अक्षरांनी वेड लावलं. पुढे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं, आणि मग लेणी, नाणी, ताम्रपट यांच्या मागे आयुष्यभराची पायपीट सुरू झाली. नाणेघाटातल्या लेखातले आकडे वाचण्याचं त्यांचं कामही याच ध्यासातलं.

एप्रिल 1882मध्ये त्यांनी सोपाऱ्याजवळचा 'बुरुड राजाचा कोट' खणला. लोकांनी या टेकाडाला एक राजा देऊन टाकला होता, तोही टोपल्या विणणाऱ्या जातीचा. ज्याचा अर्थ लागत नाही त्याला गोष्ट जोडणं, ही कुतूहलाची पहिली पायरी. तिला हसण्याचं कारण नाही. त्या गोष्टीमुळेच टेकाडाचं नाव टिकलं.

टेकाडाच्या पोटात विटांची खोली, खोलीत दगडी पेटी. पेटीत मध्यभागी तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बरोबर सोन्याची असंख्य फुलं, सातवाहन राजाचं एक चांदीचं नाणं, आणि भोवती आठ कांस्यमूर्ती : सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय.

जरा थांबून क्रम बघा. धातू आतल्या बाजूला महाग होत जातात आणि शेवटी निघते माती. कुठल्याही पटकथाकाराला हेवा वाटावा असा हा प्रसंग. रील इथेच संपली असती. अहवाल इथून खरा सुरू होतो. तो पूर्णाची बौद्ध कथा काढतो : शूर्पारकाचा हा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला. तो कार्ले, नाशिक, कान्हेरीच्या लेखांतलं सोपाऱ्याचं नाव काढतो. आणि मूर्तींची घडण नाण्याच्या काळाशी जुळत नाही, हेही बघतो. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हा स्तूप उघडून, मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला असणार. भगवानलालांच्या आधी हजारेक वर्षं कुणाला तरी तोच प्रश्न पडला होता : आत काय आहे?

आता या मजकुराची मर्यादा. मातीचे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत, या निष्कर्षाकडे लेखक ज्या वेगाने जातो, तो वेग मला खटकतो. तुकडे स्वतः काहीच बोलत नाहीत. ज्यांनी ते सोन्यात ठेवले त्यांची श्रद्धा तशी होती, इतकंच पेटी सांगते. इथे शोध घेणारा आणि भाविक एकाच वाक्यात बसले आहेत. पण आपल्याला हे म्हणता येतं, कारण प्रत्येक वस्तू कुठे आणि कशात मिळाली हे त्यांनी नोंदवून ठेवलं. लेखकाशी वाद घालायचं साहित्य लेखकानेच पुरवावं, ही मला अहवालाची सर्वांत मोठी गुणवत्ता वाटते. 'रहस्य' विकणारा मजकूर हे कधीच पुरवत नाही. त्याला तुमचं आश्चर्य हवं असतं, तुमची शंका नको असते.

भगवानलालांना सोपाऱ्यात आणखी एक वस्तू मिळाली, भातेला तळ्याजवळ : अशोकाच्या आठव्या लेखाचा फुटका तुकडा. मूळ लेखाचा थोडाच भाग त्यावर उरलेला. पण गिरनारचा पूर्ण लेख ज्याच्या डोळ्यांखालून लहानपणीच गेला होता, त्याला तेवढी अक्षरं पुरली. जुनागढच्या मुलाचं वेड कुठे कामाला आलं बघा.

त्या आठव्या लेखाचा विषयही पाहण्यासारखा आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना, शिकारीला जात, असं तो सांगतो. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेला, आणि तिथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या : वृद्धांना भेटणं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी धर्माबद्दल प्रश्नोत्तरं करणं. निघायचं सहलीला आणि पोचायचं प्रश्नापाशी, हा बदल त्याला दगडावर कोरून ठेवावासा वाटला.

गोष्ट तिथे थांबली नाही. 1956मध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना भुईगावात नवव्या लेखाचा दगड मिळाला. भुईगाव म्हणजे राजोडीहून कळंब ओलांडून पुढे, याच किनाऱ्यावर. चौऱ्याहत्तर वर्षं तो तिथेच होता. बघणारं कुणी आलं नव्हतं. हा दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि पेटीतल्या वस्तू एशियाटिक सोसायटीकडे.

एक गोष्ट मला सलते. गुजराती माणसाने शोध घेतला, इंग्रजीत छापला, आणि मराठीत आपल्यापर्यंत पोचतंय ते रील्सचं 'रहस्य'. नालासोपाऱ्यात इमारती इतक्या वेगाने वाढल्या आहेत की पाया खणताना काय निघालं असेल, हा विचारही कुणाच्या डोक्यात येत नाही. अशा गावात हा अहवाल नीट मराठीत, टिपांसह, फोनवर वाचता येईल असा हवा. शाळेतल्या मुलांनी तो वाचून 'पण भिक्षापात्र कशावरून?' असं विचारलं, तर भगवानलालांचं काम पुढे सरकलं असं मी मानेन.