‘वदरिंग हाइट्स’मधील नामसंदर्भ
एमिली ब्राँटी (१८१८–४८) ह्या इंग्रज लेखिकेची एकमेव कादंबरी ‘वदरिंग हाइट्स’ ही १८४७ मध्ये एलिस बेल ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. निर्जन वास्तू, पिशाच्च, सूड ही गॉथिक सामग्री तीत आहेच. परंतु वाचक प्रथम अडखळतो तो नावांपाशी. आई व मुलगी दोघीही कॅथरिन. लिंटन हे एका घराण्याचे आडनाव आणि हीथक्लिफच्या मुलाचे पाळण्यातले नावही. ही पुनरुक्ती अनवधानाने झालेली नाही. निवेदक लॉकवुड ह्याला तर धाकटी कॅथरिन आधी हीथक्लिफची, मग हेअरटनची पत्नी वाटते. ती वस्तुतः हीथक्लिफची विधवा सून असते.

आईस कॅथरिन व मुलीस कॅथी म्हणण्याचा समीक्षकांचा प्रघात सोयीचा असला, तरी संहिता तो काटेकोरपणे पाळत नाही. तो मुळात एडगर लिंटनचा : पत्नीला त्याने कधी लघुनामाने हाक मारली नाही, बहुधा हीथक्लिफ तशी मारीत असे म्हणून. मुलगी मात्र त्याच्या तोंडी नेहमी कॅथीच.

खिडकीच्या कठड्यावर लॉकवुडला कॅथरिन अर्नशॉ, कॅथरिन हीथक्लिफ व कॅथरिन लिंटन अशी नावे कोरलेली आढळतात. अर्नशॉ कुळातील आई विवाहाने लिंटन होते. मधले नाव तिला लाभत नाही. लिंटन म्हणून जन्मलेली मुलगी हीथक्लिफ होते आणि अखेरीस हेअरटनशी विवाह ठरून अर्नशॉ होण्याच्या वाटेवर असते. म्हणजे तीच नावे उलट क्रमाने वाचली, की मुलीचे चरित्र मिळते. विल्यम वायलर ह्याच्या १९३९ च्या चित्रपटात दुसरी पिढीच वगळल्याने हा अर्थ निम्मा उरला.

हीथक्लिफ हे नाव अर्नशॉ दांपत्याच्या मृत मुलाचे. पोरक्या मुलाला तेच नाव व आडनाव म्हणून पुरते. ज्याला कुळ नाही, तो दोन कुळांची मालमत्ता बळकावतो. सी. पी. सँगर ह्याने १९२६ मध्ये कादंबरीतील कालक्रम, वंशावळ व वारसाहक्काचा कायदा तपासून तिची रेखीव बांधणी दाखवून दिली. तीनुसार नाव हा येथे भावनेइतकाच हक्काचाही प्रश्न ठरतो. घराच्या दारावर १५०० हे साल व ‘हेअरटन अर्नशॉ’ ही अक्षरे आहेत. त्याच नावाच्या वारसाला हीथक्लिफने निरक्षर ठेवलेले असते. पुढे तो ते नाव अडखळत वाचून दाखवतो. आकडे मात्र त्याला अद्याप येत नाहीत.