आकडा आणि संज्ञा : ‘डूइंग इकॉनॉमिक्स’विषयी

अर्थशास्त्राच्या प्रवेशपाठात मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा आधी शिकवाव्यात, आकडेवारी नंतर, आणि तीही बहुधा दुसऱ्या विषयतासिकेत, ही वाटणी दीर्घकाळ रूढ होती. विद्यार्थ्याला वक्ररेषा काढता येई. ती कोणत्या नोंदींवरून निघाली असती, हे त्याला कोणी विचारीत नसे. आयलीन टिपो व राल्फ बेकर यांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला ‘डूइंग इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ ही वाटणी मोडतो. ‘कोअर’ या उपक्रमाच्या पाठ्यपुस्तकांना जोड म्हणून रचलेल्या या ग्रंथातील बारा प्रकल्पांत विद्यार्थ्याला खरी आकडेवारी हाताळावी लागते, मग ती एक्सेलमध्ये असो वा ‘आर’ या संगणकभाषेत.

ग्रंथाचे बळ तिसऱ्या प्रकल्पात सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेतील बर्कली शहराने साखरयुक्त पेयांवर दर औंसास एक सेंट कर बसविला. तो मार्च २०१५ पासून अमलात आला. दुकानांतील किमती करापूर्वी व करानंतर किती होत्या, हे विद्यार्थी मोजतो. ज्या दुकानांची नोंद सर्व फेऱ्यांत झाली तीच तुलनेस का घ्यावयाची आणि कर नसलेल्या आसपासच्या भागांतील किमती का पाहावयाच्या, हे त्याला व्याख्यानातून नव्हे, कामातून कळते. कराचा भार कोणावर पडतो हा जुना पाठ्यप्रश्न येथे प्रथमच उत्तर मागतो. त्यातच एक गंमत आहे. मूळ तक्त्यात शेवटच्या फेरीवर मार्च २०१५ अशी नोंद आहे. ती वस्तुतः मार्च २०१६ ची. ग्रंथकार ही चूक स्वतःच दाखवून दुरुस्त करवितात. ती विद्यार्थ्याला शोधू दिली असती, तर अधिक बरे झाले असते. फेऱ्यांचा क्रम लावताना डिसेंबर २०१४ व जून २०१५ यांच्यामागून मार्च २०१५ येतो, हे पाहून जो अडखळला असता, त्याला नोंदवहीकडे संशयाने पाहण्याची सवय लागली असती. पाठ्यग्रंथांना सोय फार प्रिय असते.

आक्षेप मात्र याहून खोल आहे. ग्रंथातील सूचनांची क्रियापदे ‘काढा’, ‘मोजा’, ‘तुलना करा’ अशी आहेत. नामे मात्र तयार हाती येतात. स्तंभाचे शीर्षक ही एक संज्ञा आहे आणि प्रत्येक संज्ञेमागे कोणीतरी केलेली व्याख्या उभी असते, याकडे विद्यार्थ्याचे लक्ष पुरेसे वेधले जात नाही. आठव्या प्रकल्पात बेकारीमुळे जीवनसमाधान किती घटते, हे युरोपातील मूल्य-सर्वेक्षणावरून पाहावयाचे आहे. तेथे ‘बेकार’ कोण? ज्याने प्रश्नावलीतील तो पर्याय स्वतः निवडला तो.

भारताच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात हा निर्णय उत्तर देणाऱ्याकडे नसतो. त्याने सांगितलेल्या कामावरून नियम तो ठरवितो, आणि नियमही एक नाही. २०२२-२३ मध्ये नेहमीच्या स्थितीनुसार बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते, तर चालू साप्ताहिक स्थितीनुसार ५.१ टक्के. देश तोच, सर्वेक्षण तेच. वर्षाकाठी दोन महिने मजुरी मिळालेली शेतमजूर स्त्री पहिल्या मापात रोजगारात मोडते, कारण तीस दिवसांचे दुय्यम कामही तेथे धरले जाते. ज्या आठवड्यात काम हवे असूनही तिला तासभरही मिळाले नाही, त्या आठवड्यात दुसऱ्या मापाने ती बेकार ठरते. तीच स्त्री काम मिळण्याची आशा सोडून घरी बसली आणि कामास उपलब्ध नाही असे तिने सांगितले, तर त्या आठवड्यापुरती ती बेकारही उरत नाही. ती श्रमबलाच्याच बाहेर जाते. तिघींची सरासरी अचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणाची सरासरी काढली, हे ठाऊक असेलच असे नाही.

मराठीत तर गुंता आणखी वाढतो. ‘बेकार’ हा शब्द बोलण्यात निरुपयोगीपणाही सुचवितो. म्हणून लेखनात ‘बेरोजगार’ रूढ झाला. परंतु त्यात दडलेला ‘रोज’ दिवसाच्या मजुरीचा आहे, सर्वेक्षणातील वर्षाचा किंवा आठवड्याचा नव्हे. हा ग्रंथ मराठी वर्गात वापरावयाचा झाल्यास भाषांतराआधी एक पान वाढवावे लागेल : त्यावर तक्ता नसावा, उत्तर देणाऱ्यास विचारलेला मूळ प्रश्न, त्याच शब्दांत, छापलेला असावा.