ताणून धरणारा लेप

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड) पोलादाचा पत्रा उजेडात तिरपा धरून पाहावा. पोलादाची चकाकी त्यावर नसते. असतो तो मऊ, धुरकट करडेपणा. पत्र्याची जाडी ०.२३ मिलिमीटर आणि हा करडा लेप दोन्ही अंगांना जेमतेम २-३ मायक्रॉन. एका पत्र्यातून दुसऱ्यात एडी करंट ओलांडू नये, हे त्याचं उघड काम. शेजारच्या पत्र्यांमधला विद्युतदाब व्होल्टच्या अंशाएवढाच, म्हणून इतका पातळ लेप पुरतो. शंभर पत्र्यांच्या थप्पीत सगळा लेप मिळून दोनेक पत्र्यांची जागा घेतो. लोखंडाची जागा न बळकावता केलेली ही राखण फार देखणी आहे.

या लेपाचे थर दोन. आधी खालचा. पोलादात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असतं. पोलादातला कार्बन काढायला पत्रा दमट हायड्रोजन-नायट्रोजनच्या भट्टीतून जातो. तो ओलावा कार्बन नेतो आणि जाता जाता पृष्ठभागालगत सिलिकाचे कण पेरून ठेवतो. मग मॅग्नेशियम ऑक्साइडची खळ फासून, वाळवून, कॉइल कोरड्या हायड्रोजनमध्ये सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापवतात. खळीचं पहिलं काम वेटोळी एकमेकांना चिकटू न देण्याचं. पण त्याच तापात ती पेरलेल्या सिलिकाशी संयोग पावते आणि फोर्स्टेराइट जन्मतं. हे ऑलिव्हिन कुळातलं खनिज. सह्याद्रीच्या बसाल्टमध्येही ऑलिव्हिन सापडतं, आणि असा पत्रा बनवणारा कारखाना नाशिकजवळ आहे, हा योग मला सुखावतो. या थराची मुळं पोलादात उतरलेली असतात. ती चुंबकीय डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेला चुंबकित झालेल्या पट्ट्यांच्या, भिंतींना थोडी अडवतात, हे खरं; पण वाकवलेल्या पत्र्यावरही सहजी न सुटणारी पकड पाहिली की तेवढी किंमत रास्त वाटते.

मला सर्वांत मोह पडतो तो वरच्या थराचा. ॲल्युमिनियम फॉस्फेट आणि कोलॉइडल सिलिकाचा द्राव लावून ८०० अंशांच्या आसपास भाजला की काचेसारखं आवरण बसतं. थंड होताना पोलाद जास्त आकसू पाहतं, काच कमी. ती पोलादाला पुरतं आकसू देत नाही, आणि पत्रा कायमचा ताणात राहतो. नॉर्मन गॉस यांच्या १९३४ च्या पेटंटपासून या पोलादाचे स्फटिक रोलिंगच्या दिशेनं वळवून बसवण्याची विद्या सुरू झाली. ताण त्याच दिशेचे डोमेन अरुंद करतो. भिंती वाढल्या की प्रत्येकीला सरकायचं अंतर कमी होतं, आणि वाया जाणारी ऊर्जा घटते. पुढचा बारकावा कानानं टिपायचा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर कोअर सेकंदाला १०० वेळा कणभर लांबते-आखडते. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मुख्यतः तिथून येते. ताणलेल्या पत्र्यात ही हालचाल कमी होते. करंट अडवायला बसवलेल्या काचेनं लोखंडाचा आवाजही खाली आणावा, याला दाद द्यावी तेवढी थोडी.

मोटारीच्या पत्र्यांना फोर्स्टेराइट चालत नाही. खाचा पाडणाऱ्या डायची धार ते खातं. तिथे रेझिन मिसळलेले लेप येतात, जे पंचिंग सुकर करतात. बॅकलॅक हा लेप तर उष्णता आणि दाब मिळताच पत्रे एकमेकांना चिकटवतो. पत्र्यांना विद्युतदृष्ट्या जोडून टाकणारी वेल्डिंगची शिवण त्यामुळे टळते.

लेपाची परीक्षा फ्रँकलिन चाचणीत होते. धातूची दहा बटणं दाबाखाली पत्र्यावर टेकवायची आणि ०.५ व्होल्ट द्यायचे. १ अँपिअर वाहिला तर लेप असून नसल्यासारखा. शून्य म्हणजे पूर्ण रोध. दोन-तीन मायक्रॉनच्या चांगल्या लेपावर काटा शून्यालगतच राहतो.